सोलोत दमदार, एकत्र केले की पत्र्याचा डबा: घरच्या स्टुडिओत ड्रम्स मिक्स करताना

धुळ्याच्या एका मुलाने विचारलंय: "दादा, आमचा चार जणांचा रॉक बँड आहे. मित्राच्या घरी १० बाय १२ च्या खोलीत आठ माइक लावून ड्रम्स रेकॉर्ड केले. किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), स्नेअरला (खाली तारा लावलेल्या लहान ड्रमला) वरून आणि खालून, दोन टॉम, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणाऱ्या जोडथाळ्या) आणि वर उंच लावलेले दोन ओव्हरहेड. एकेक ट्रॅक सोलो करून ऐकला तर भारी वाटतो. सगळे एकत्र केले की स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, किकचा दम जातो, आणि गिटार चालू केल्या की ड्रम्स पार गायब. ईक्यू झाला, कॉम्प्रेसर झाला. आता कोणतं प्लगइन विकत घेऊ?"

अजून तरी काहीच विकत घेऊ नकोस. तुझ्या प्रश्नातच दुखणं कुठे आहे ते आलंय. एकटा ट्रॅक चांगला वाजतो म्हणजे ड्रम्स, माइक आणि वाजवणारा यांच्यात मोठी खोट नाही. बिघाड ट्रॅक एकमेकांना भेटतात तिथे आहे. तू आठ वाद्यं मिक्स करतोयस, आणि तिथे मुळात वाद्य एकच आहे. ते आठ ठिकाणांहून ऐकलं गेलंय एवढंच. ही गोष्ट एकदा पक्की बसली की पुढची निम्मी कामं आपोआप सुटतात.

मी जळगावला घराच्या वरच्या मजल्यावर अठरा वर्षं रेकॉर्डिंग करतोय. अहिराणी गाणी, भजनी मंडळं आणि दरवर्षी कॉलेजातल्या पोरांचे दोन-चार बँड. ड्रम्सने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही. तुझे ट्रॅक मी ऐकलेले नाहीत, तेव्हा खाली देतोय ते आकडे सुरुवातीची जागा म्हणून धर. ड्रम्सचं ट्यूनिंग कसं आहे, तुमचा ड्रमर स्नेअरवर किती जोर देतो आणि हाय-हॅटवर किती, गाणं किती वेगाचं आहे, यावर बरंच ठरतं. हाय-हॅट बडवणारा आणि स्नेअर हळू मारणारा ड्रमर असेल तर मिक्समध्ये त्याची भरपाई पूर्ण होत नाही. ते त्याला प्रेमाने सांगावं लागतं, आणि लवकर सांगावं लागतं.

आता मूळ गोष्ट. स्नेअरचा ठोका पडला की तो स्नेअरच्या माइकला लगेच पोचतो. तोच ठोका डोक्यावरच्या ओव्हरहेडला पोचायला वेळ लागतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला साधारण एक फूट आणि वर थोडं. ओव्हरहेड स्नेअरपासून तीन फुटांवर असेल तर तिथे ठोका अडीच ते पावणेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटेल. पण १८५ हर्ट्झच्या आसपासच्या लहरीचं अर्धं आवर्तन नेमकं तेवढ्याच वेळाचं असतं. एका ट्रॅकवर लहर वर जाते तेव्हा दुसऱ्यावर तीच लहर खाली असते. दोन्ही मिळवले की तो भाग एकमेकांना खातो. आणि स्नेअरचं अंग, त्याचा भरीवपणा, १८० ते २५० हर्ट्झमध्येच राहतो. वरचा करकरीत भाग तेवढा शिल्लक राहतो, आणि तोच तुला पत्र्याचा डबा म्हणून ऐकू येतोय. जे खोडलं गेलंय ते ईक्यूने, म्हणजे आवाजाचा एखादा पट्टा कमी-जास्त करून, वाढवता येत नाही. तू २०० हर्ट्झ वर चढवतोस तेव्हा स्नेअरच्या ट्रॅकवर ते चढतं खरं, पण ओव्हरहेडमधली लहर त्याच्या विरुद्ध ओढतच राहते.

म्हणून आधी हे कर. सगळे प्लगइन बंद कर. फक्त ओव्हरहेड आणि वरचा स्नेअर चालू ठेव, दोन्ही कानाला साधारण सारखे वाटतील एवढ्या आवाजावर. मग स्नेअरच्या चॅनलवरचं पोलॅरिटीचं बटण दाब. गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं ते. त्याने त्या ट्रॅकची लहर उलटी होते. दाब, सोड, दाब, सोड. डोळे मिटून ऐक. एका बाजूला स्नेअर छातीवर येतो, दुसऱ्या बाजूला मागे सरून बारीक होतो. छातीवर येणारी बाजू ठेव. मग किक चालू कर, तीच परीक्षा. मग एकेक टॉम. स्नेअरच्या खालच्या माइकसाठी वेगळी परीक्षा लागत नाही. स्टिक वरून पडते तेव्हा वरचं हेड (ड्रमचं कातडं) वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं, त्यामुळे ते दोन ट्रॅक जन्मतःच उलटे असतात. खालचा नेहमी वरच्याच्या विरुद्ध ठेवायचा. वरचा उलटा केलास तर खालचा सुलटा राहील.

एवढ्यावर नऊ आणे काम होतं. राहिलेल्यासाठी ट्रॅक मोठा करून बघ. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा तू जे वापरतोस त्यात एकाच ठोक्यावर इतकं झूम कर की पडद्यावर दहा-बारा मिलिसेकंदच दिसतील. स्नेअरच्या ट्रॅकवर रेघ आधी हलते, आणि ओव्हरहेडवर तोच झटका थोडा उजवीकडे दिसतो. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं (सॅम्पल) घेऊन, रेकॉर्ड केलं असेल तर तीन फुटांना साधारण १२५ सॅम्पलचा फरक येतो. तो मोजून स्नेअरचा ट्रॅक तेवढा उजवीकडे ढकलता येतो, आणि मग दोन्ही झटके एका रेषेत येतात. ढकललास तर पोलॅरिटी पुन्हा तपास, कारण आता दोन्ही ट्रॅक एकाच बाजूला हलायला हवेत. खालचा माइकही वरच्याबरोबर तेवढाच सरकव.

हे दर गाण्याला करावं असं माझं मत नाही. पोलॅरिटीने काम भागलं तर मी ट्रॅक हलवत नाही. कारण स्नेअर फक्त स्नेअरच्याच माइकमध्ये नसतो, तो टॉमच्या माइकमध्येही शिरलेला असतो, किकच्याही. एक नातं सरळ केलं की दुसरं वाकडं होऊ शकतं. पण तुमच्यासारख्या लहान खोलीत, जिथे ओव्हरहेड आणि जवळच्या माइकमध्ये सगळंच सगळीकडे शिरलेलं असतं, तिथे कधीकधी ढकलण्याचा खूप फायदा होतो. करून बघ, आणि कान म्हणेल ते ठेव.

माझ्यावर बेतलेली एक गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बँडचे ड्रम्स घेतले होते. हेडफोनवर ते असे पसरून येत की मी भारावून गेलो होतो. पोरांना गाणं पाठवलं, त्यांनी मोबाइलवर लावलं, आणि गिटारवाल्याचा फोन आला: "दादा, स्नेअर कुठे आहे?" मोबाइलच्या एका स्पीकरवर डावं-उजवं एकत्र झालं की स्नेअर जवळजवळ नाहीसा होत होता. दोन रात्री मी ईक्यूशी झगडलो. तिसऱ्या दिवशी ओव्हरहेडच्या केबलचा कनेक्टर उघडला तेव्हा कळलं, बाजारातून तयार आणलेल्या त्या केबलीच्या एका टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिनांच्या तारा अदलाबदल होऊन डाख दिलेल्या होत्या. एक ओव्हरहेड सुलटा, एक उलटा. जो पसरटपणा मला आवडला होता तो त्या चुकीचाच आवाज होता. तेव्हापासून नवीन केबल आली की मी आधी मीटर लावून तिन्ही पिना तपासतो, आणि मिक्स करताना दर अर्ध्या तासाने मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एकत्र करणारं, बटण दाबतो. तूही दाब. मोनोत जे टिकतं ते कुठेही टिकतं.

आता फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या. सगळे खाली आण आणि ओव्हरहेडपासून सुरू कर. बहुतेक पोरं किकपासून सुरू करतात, मग स्नेअर, मग टॉम, आणि ओव्हरहेड शेवटी, सिंबल ऐकू यावेत म्हणून. मी उलटं का करतो ते सांगतो. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते, तू धुळ्याचा आहेस, ऐकून असशील. तिथे माणसाच्या कमरेएवढे ढोल रात्रभर वाजतात. ढोलाच्या कातड्याला कान लावला तर नुसता थडथड आवाज येतो, त्यात सूर नसतो. वीस पावलं मागे आलास की तोच ढोल घुमायला लागतो. वाद्याचा पूर्ण आवाज त्याच्यापासून थोडा दूर गेल्यावरच तयार होतो. ओव्हरहेड ही ती वीस पावलं आहेत. ड्रम्सचं खरं चित्र तिथे आहे. जवळचे माइक त्यात फक्त जोर भरायला आहेत. ओव्हरहेड आधी इतके वर आण की नुसत्या त्यांच्यावर गाणं चालेल. मग किक हळूहळू वर घे, त्याचं पोट भरल्यासारखं वाटलं की थांब. मग स्नेअर तसाच. हाय-हॅटचा ट्रॅक मी दहातल्या आठ वेळा बंदच ठेवतो, तो ओव्हरहेडमध्ये पुरून उरलेला असतो. ड्रम्सचा एकत्र आवाज लाल दिव्यापासून निदान १० डेसिबल खाली राहू दे. आणि मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावर, लिमिटर लावून ठेवला असशील तर काढ, तो सगळ्यात आधी ड्रम्सचेच ठोके खातो.

सोलोचं बटण यापुढे फक्त बिघाड शोधायला वापर. कुठे करकर येते, कुठे कूलरची घरघर आहे, हे बघायला. आवाज बनवायला नाही. मी किकवर एवढी कापाकापी करतो की ती एकटी ऐकलीस तर म्हणशील, हे काय करून ठेवलंय. गाण्यात मात्र तीच बरोबर बसते.

ईक्यूचं थोडक्यात. किकमध्ये ३०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान खोक्यासारखा आवाज असतो, तो ४ ते ६ डेसिबल काप. बीटरचा (किकवर आपटणाऱ्या दांडीचा) टक्क आवाज २.५ ते ५ हजार हर्ट्झमध्ये सापडतो, तो थोडा वाढव. मोबाइलवर किक ऐकू येते ती या टक्कमुळेच, कारण एवढासा स्पीकर ६० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. स्नेअरला २०० च्या आसपास हात लावायची गरज आता उरणार नाही, फेजने, म्हणजे लहरी जुळवल्याने, ते परत दिलेलं असेल. ४०० ते ८०० मध्ये डबा वाजत असेल तर शोधून अरुंद काप दे. ओव्हरहेडचा खालचा भाग मुळापासून कापायची सवय पोरांना लागलेली असते. तसं करू नकोस. ६० ते ८० च्या खाली काप, २००-३०० पर्यंत वर येऊ नकोस, नाहीतर आत्ता जे अंग मिळवलं ते पुन्हा फेकून देशील.

टॉमवर गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावू नकोस, हाताने काम कर. चार मिनिटांच्या गाण्यात टॉम वीस-तीस जागी वाजतो. त्या जागा ठेवायच्या, ठोक्यानंतर त्याचा नाद पुरता विरू द्यायचा, शेवटी लांब फेड, आणि मधलं सगळं गप्प. अर्ध्या तासाचं काम आहे. गेट ठोक्याचं तोंड खातो, नाहीतर क्रॅश सिंबल वाजल्यावर चुकून उघडतो आणि सिंबलचा आवाज एकदम उडी मारतो. हाताने केलेल्या कामात असले धक्के बसत नाहीत.

कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो. त्याच्याबद्दल एकच गोष्ट नीट समजून घे: अटॅक, म्हणजे तो किती वेळाने दाबायला लागतो. स्टिकचा फटका, ज्याने ठोका ठोका वाटतो, तो पहिल्या १०-२० मिलिसेकंदांत होऊन जातो. तुझा अटॅक १ मिलिसेकंदावर असेल तर कॉम्प्रेसर नेमका तोच फटका दाबतो, आणि मग तू म्हणतोस ड्रम्समध्ये दम नाही. अटॅक २० ते ३० मिलिसेकंदांवर ने, रेशो (किती दाबायचं ते) चारास एक, आणि किती दाबलं ते दाखवणारी सुई ३-४ डेसिबलपेक्षा जास्त हलू देऊ नकोस. रिलीज (दाब सोडायचा वेळ) असा ठेव की पुढचा ठोका येईपर्यंत सुई जागेवर परत येईल. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, त्याच्या आत सुई परतली पाहिजे. ड्रम्सची एक प्रत वेगळ्या बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनलवर) पाठवून ती १०-१५ डेसिबल चेपून मूळ आवाजाखाली हळूच मिसळणं, हे मी रॉकमध्ये जवळपास नेहमी करतो. पण त्या बसवर किक, स्नेअर आणि टॉमच पाठव. ओव्हरहेड पाठवलेस तर सिंबलची सळसळ गाणंभर अंगावर येते.

आता गिटार. गिटार आल्या की ड्रम्स गायब होतात, याला ड्रम्स जबाबदार नाहीत. घरी एकट्याने वाजवताना गिटारवाला डिस्टॉर्शन भरपूर ठेवतो, खाली भरगच्च आणि वर झणझणीत, कारण त्याला ते एकट्याला पूर्ण वाटावं लागतं. बँडमध्ये खालचं काम बेसचं असतं. गिटारचं १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाक, २०० ते ३०० मधून २-३ डेसिबल कमी कर, आणि दोन गिटार असतील तर एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ने. मधली जागा किक, स्नेअर, बेस आणि गाणाऱ्यासाठी मोकळी ठेव. बेस आणि किक एकाच खोलात भांडत असतील तर गाण्यापुरतं ठरव, खाली कोण आणि त्याच्या वर कोण. वेगाच्या गाण्यात मी किक वर घेतो आणि बेसला खाली जागा देतो, संथ गाण्यात बहुधा उलटं. पुढच्या गाण्याला गिटारवाल्याला गेन पाव हिश्श्याने कमी करायला सांग. तो कुरकुरेल. रेकॉर्डिंग ऐकल्यावर त्याला स्वतःलाच पटेल.

यातलं सगळं करूनही एक अडचण राहू शकते, आणि ती तू मिक्स करायला बसतोस त्या खोलीची. तीही १० बाय १२ चीच असेल तर १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासची लहर अडकून घुमते, १२ फुटांत ४७ च्या आसपासची. किकचं पोट नेमकं याच पट्ट्यात. खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवलीस तर त्या लहरींचा जोर तिथे सगळ्यात कमी असतो, म्हणून किक ऐकू येत नाही, म्हणून तू ती वाढवतोस, आणि गाडीत लावलं की नुसता गडगडाट. टेबल लांबीच्या भिंतीकडे तोंड करून न ठेवता आखूड भिंतीकडे तोंड करून ठेव आणि कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येतील असा बस. खालचा आवाज हेडफोनवरही तपास. मी शेवटचा निर्णय गाडीत घेतो, बाकी गाणी जिथे ऐकतो तिथेच.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंग कराल तेव्हा दोन गोष्टी आधी करा. एक म्हणजे सुतळी. स्नेअरच्या मध्यावर सुतळीचं टोक धरायचं, एका ओव्हरहेडपर्यंत ताणायची, तिथे गाठ मारायची आणि दुसरा ओव्हरहेड त्याच गाठीवर आणायचा. स्नेअर दोन्हीत एकाच क्षणी पोचतो आणि मोनोत कधी दगा देत नाही. ग्लिन जॉन्स या इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनियरची तीन-चार माइकांत सगळे ड्रम्स घेण्याची पद्धत याच समान अंतरावर उभी आहे. आठ माइक आहेत म्हणून आठ लावायलाच हवेत असं नाही. एक गाणं चार माइकांत घेऊन बघा.

दुसरी गोष्ट छत. समजा १० फुटांवर स्लॅब आहे आणि सात फुटांवर ओव्हरहेड. सिंबलचा आवाज माइकच्या पुढे स्लॅबवर जाऊन आपटतो आणि सहा फुटांचा फेरा करून परत येतो, म्हणजे पाचेक मिलिसेकंदांनी. तुझ्या सिंबलमध्ये जी किनरी भेसूर सळसळ असेल ती बहुधा हीच. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. मी दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटी केल्या, गादीवाल्याकडून सहा इंच जाड कापूस भरून घेतला, वरून सुती कापड ताणलं. दोन चौकटी ड्रम्सच्या वर टांगल्या, दोन ड्रमरच्या पाठीमागे. फरशीवर गोधडी. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्याने फारसं काही होत नाही. कापूस मात्र वायरिंग आणि दिव्यांपासून लांब ठेवा, तो पेटायला वेळ लागत नाही, आणि उंदरांसाठी दर महिन्याला चौकट उलटून बघा. चौकटी करायला वेळ नसेल तर घरातल्या गाद्या उभ्या करा. एवढ्यानेही फरक कळतो. आणि मे महिन्यात घेऊ नका. ४४ अंशांत कूलर बंद करून ड्रमर दोन टेकही नीट देऊ शकत नाही, आणि कूलर चालू ठेवला तर तो प्रत्येक ओव्हरहेडमध्ये बसतो. दिवाळीनंतरची थंडी पकडा.

रेकॉर्डिंग संपल्यावर, माइक काढायच्या आधी, ड्रमरला प्रत्येक ड्रम सहा-सात वेळा सुटा वाजवायला सांगा, मध्ये पूर्ण शांतता ठेवून. एखादा ठोका बिघडला तर तुमच्याच ड्रमचा, त्याच खोलीतला, त्याच हाताचा ठोका तिथे बसवता येतो. विकतचे सॅम्पल, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेले ठोके, लावावेत की नाही हा तुमचा निर्णय, काही गाण्यांना ते शोभतात. मी आधी घरचे वापरून बघतो.

या आठवड्यात एवढंच कर: दोन ओव्हरहेड आणि वरचा स्नेअर, तीनच ट्रॅक, एकही प्लगइन नाही. वीस सेकंदांचा तुकडा दोनदा काढ, एकदा स्नेअर सुलटा आणि एकदा उलटा, आणि दोन्ही फाइली मला पाठव. कोणती ठेवायची हे तुझं तू आधी लिहून ठेव, मग मी माझं सांगतो.